वेचणीच्या दिवसांत शोध : फील्ड प्रोजेक्ट, मूडल आणि ग्रंथपालांची जागा

प्रकरण कुठलं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं अनुदानित महाविद्यालय, अमरावती विद्यापीठाशी संलग्न. विद्यार्थी बहुतांशी आसपासच्या खेड्यांतले, एसटीने येणारे, घरी थोडीफार कोरडवाहू शेती असलेले. सीतादही (वेचणीच्या आधीची वावरातली पूजा) होऊन कापसाची वेचणी लागली की वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागतात. वेचणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, मग घरचीच पोरं वावरात. मी इथे प्राणिशास्त्र शिकवतो आणि दुसऱ्या वर्षाच्या फील्ड प्रोजेक्टचं संयोजनही माझ्याकडेच आहे. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम देत नाही. ते दिल्याने वाचणाऱ्याला काही जास्त कळणार नाही आणि आमच्या काही सहकाऱ्यांना उगाच त्रास होईल.

मूडल आमच्याकडे कोविडच्या काळात आलं. २००२ साली पहिल्यांदा बाहेर पडलेली ही ऑनलाइन शिकवण्याची मुक्तस्रोत प्रणाली फुकट मिळते. खर्च असतो तो सर्व्हरचा आणि ती सांभाळणाऱ्या माणसाचा. सर्व्हर आम्ही स्वस्तातला घेतला, माणूस घेतलाच नाही. संगणकशास्त्राचे एक सर जमेल तसं बघतात. कोविड ओसरल्यावर मूडल नोट्सच्या पीडीएफ टाकण्यापुरतं उरलं. नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) टीम यायची असली की त्यात एकदम जीव येतो, हेही लिहून टाकतो. हा काही एकट्या आमच्या महाविद्यालयाचा गुण नाही.

ग्रंथालयाची बाजू त्यामानाने बरी. कॅटलॉग कोहा या ग्रंथालय-प्रणालीवर आहे, ओपॅक (वाचकांसाठीची ऑनलाइन पुस्तकसूची) मोबाईलवर उघडतं, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं एन-लिस्ट म्हणजे ऑनलाइन नियतकालिकं-पुस्तकांचं सदस्यत्व दरवर्षी न चुकता भरलं जातं. थोडक्यात, साधनं होती. ती वापरणारं कोणी नव्हतं.

संपलेली अळी

आधीच्या अभ्यासक्रमात पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्प असायचा. त्या वह्यांच्या संदर्भाच्या पानावर वर्षानुवर्षं तेच दिसायचं : डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट गूगल डॉट कॉम, विकिपीडिया, नुसतं 'इंटरनेट', आणि एखाद्या प्रामाणिक पोराच्या वहीत 'व्हॉट्सअ‍ॅप'. सीनियरची फाईल घेऊन वरचं नाव बदलणारेही होतेच. याला आम्ही सगळे सरावलो होतो.

एक वही मात्र वेगळी निघाली. विषय गुलाबी बोंडअळी. अक्षर सुंदर, पतंगाची आकृती हाताने काढलेली, आणि निष्कर्षात हे वाक्य : 'सन २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचे संपूर्ण निर्मूलन झाले आहे.' मुलगी कापसाच्या घरातली. २०१७ च्या हंगामात बोंडअळीने विदर्भात जो धिंगाणा घातला, तो तिच्या घराने सोसलेला. मी वही घेऊन ग्रंथालयात गेलो, मुलीलाही बोलावलं.

"कुठं मिळालं तुला हे?" ग्रंथपाल मॅडमनी विचारलं.

"साईटवर तं स्पष्ट लिहून आहे मॅडम, संपली म्हणून. सरकारी साईट आहे जी."

"अन् तुमच्या वावरात?"

"वावरात तं आहेच नं."

वाक्य खोटं नव्हतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी नामशेष झाल्याचं जाहीर केलं होतं, आणि मुलीने ते बरोबर वाचलं होतं. साईट सरकारी होती, वर्ष दिलेलं होतं, पान इंग्रजीत होतं आणि तिने ते मेहनतीने मराठीत आणलं होतं. 'विश्वसनीय साईट बघत जा' एवढाच उपदेश आम्ही वर्गात करतो, आणि तो तिने तंतोतंत पाळला. विश्वसनीय म्हणजे कोणासाठी आणि कुठल्या जमिनीसाठी, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. घरच्या वावरात आजही डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेल्या कळ्या) दिसतात, ही तिची स्वतःची माहिती तर प्रकल्पात घ्यायची असते, असंही तिला वाटलं नव्हतं.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन आणि संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २०१६ मध्ये माहिती-साक्षरतेची एक चौकट स्वीकारली. तिच्या सहा सूत्रांपैकी एक असं, की माहितीचा अधिकार संदर्भावर ठरतो. हे सूत्र मी त्याआधीही वाचलं होतं. त्याचा अर्थ त्या वहीपाशी नीट लागला.

जुलैचं व्याख्यान

ग्रंथालयाचं प्रशिक्षण आमच्याकडे होत नव्हतं असं नाही. दर जुलैत प्रवेश आटोपले की सभागृहात नवागतांना बसवून ग्रंथपाल मॅडम प्रोजेक्टरवर ओपॅक दाखवत, एन-लिस्टची नावनोंदणी कशी करायची ते सांगत, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांचा फलक भिंतीवर असेच. पोरं शांत बसत. त्यातलं पहिलं काम त्यांच्या अंगावर पडायचं डिसेंबरात. पेरणीच्या दिवशी वेचणी शिकवण्यासारखा तो प्रकार होता.

यावर काय करायचं, याच्या तीन वाटा चर्चेत आल्या.

पहिली, मूडलवरच ग्रंथालयाचा स्वतंत्र कोर्स. तो आधीपासून होता. 'ग्रंथालय कोपरा' नावाने त्यात लिंका, नियम, वेळा, सगळं नीट लावलेलं. लॉग काढून पाहिला तर तो उघडणाऱ्यांत मुख्यतः खुद्द ग्रंथपाल मॅडम आणि नॅकचे समन्वयक. दुसरी वाट तीस तासांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची. प्राचार्यांना ती आवडली, कारण फाईलला एक कागद वाढतो. मला ती पटली नाही. अशा अभ्यासक्रमाला नाव घालतात ती पोरं आधीच वाचणारी असतात. संदर्भात 'व्हॉट्सअ‍ॅप' लिहिणारा तिथे फिरकत नाही.

तिसरी वाट, ज्या कोर्समध्ये प्रकल्प द्यायचा आहे त्याच कोर्समध्ये, प्रकल्पाच्या पायऱ्यांमध्येच शोधाचं शिक्षण घालायचं आणि त्याला गुण द्यायचे. नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागला आणि दुसऱ्या वर्षाला फील्ड प्रोजेक्ट आला. नवा कोर्स असल्यामुळे 'आमच्याकडे असंच चालतं' म्हणायला अजून कोणाला जागा नव्हती. ती संधी घेतली.

हक्काचा प्रश्न

तांत्रिक काम सोपं निघालं. अडलं ते माणसांपाशी. मूडलमध्ये प्रत्येक कोर्सला भूमिका ठरवाव्या लागतात. ग्रंथपाल मॅडमना कुठली भूमिका द्यायची यावर दोन बैठका झाल्या. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, त्यांना 'नॉन-एडिटिंग टीचर' करा, म्हणजे त्या गुण देतील पण कोर्सला हात लावणार नाहीत. ऐकायला हे ठीक वाटतं. पण शोधाच्या पायरीवर पोरं अडली, तर तिथल्या तिथे सूचना बदलता यायला हव्यात, नमुना टाकता यायला हवा. ते त्या भूमिकेत जमत नाही. शेवटी पूर्ण 'टीचर' भूमिका दिली.

यामागे खरा प्रश्न वेगळा होता. महाविद्यालयीन ग्रंथपालाची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीची, पण वेळापत्रकात त्याच्या नावाची तासिका नसते, त्यामुळे 'गुण द्यायचा अधिकार यांना कुठून आला' ही कुजबुज होतेच. ती प्राचार्यांनी एका वाक्यात मिटवली : पन्नास गुणांपैकी शोधाचे दहा गुण ग्रंथपाल देतील आणि गुणपत्रकावर सही विषयशिक्षकाची राहील. हा तोडगा आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. चालतो.

पायऱ्या

पूर्वी प्रकल्प म्हणजे एकच तारीख असायची : फाईल जमा करा. आता त्याचे तुकडे केले. विषय आणि शब्दतक्ता, शोधाची नोंदवही, निवडलेले तीन स्रोत, गावातली पाहणी, कच्चा मसुदा, अंतिम अहवाल. मूडलमधली 'रिस्ट्रिक्ट अ‍ॅक्सेस' सोय वापरून अशी साखळी लावली की शब्दतक्ता जमा केल्याशिवाय शोधाचं पान उघडत नाही, आणि शोधाची नोंद दिल्याशिवाय पाहणीचा नमुना मिळत नाही. प्रत्येक पायरीच्या तोंडाशी ग्रंथपाल मॅडमचं एक छोटं पान, त्या पायरीला जेवढं लागतं तेवढंच. एन-लिस्टचा पासवर्ड कसा परत मिळवायचा हे शोधाच्या पायरीवर. संदर्भ कसा लिहायचा हे मसुद्याच्या पायरीवर. त्याच्या आधी नाही.

व्हिडिओ टाळले. खेड्यात रेंज असते, पण रोजचा डेटा पॅक भावाबहिणीत वाटलेला असतो आणि फोनही. मजकूर, दोन-तीन हलकी चित्रं, एवढंच. मूडलचं मोबाईल अ‍ॅप कोर्सचा मजकूर उतरवून घेऊ देतं, तो नंतर नेट नसताना वाचता येतो. कॉलेजच्या वायफायवर उतरवायचं आणि वेचणीच्या सुट्टीत वावराच्या बांधावर वाचायचं, असं पोरांनी आपलं आपणच बसवलं.

शब्दतक्ता

या सगळ्यात जास्त कामाची ठरली ती पहिली पायरी, आणि तिची कल्पना पूर्णपणे ग्रंथपाल मॅडमची. माहिती-साक्षरतेच्या बहुतेक तयार धड्यांत शोधाची सुरुवात 'अँड, ऑर, नॉट' या शोधशब्द जोडणाऱ्या शब्दांपासून होते. आमच्या पोरांची अडचण त्याच्याही आधीची. ज्या शब्दाने तो विषय घरात बोलतो, त्या शब्दाने शोधपेटीत काहीच सापडत नाही.

तक्त्याला चार रकाने : घरात काय म्हणतात, पुस्तकी मराठीत काय, इंग्रजीत काय, शास्त्रीय नाव काय. बोंडअळीच्या गटाचा तक्ता असा भरत गेला. घरी 'अळी' किंवा नुसतं 'बोंड सडलं'. कृषी विभागाच्या पत्रकात 'शेंदरी बोंडअळी', दुसऱ्या पत्रकात 'गुलाबी बोंडअळी', तिसऱ्यात 'बोंड' आणि 'अळी' यांच्यामध्ये मोकळी जागा. इंग्रजीत 'पिंक बोलवर्म'. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. शास्त्रीय नाव रोमन लिपीत टाकल्याबरोबर गूगल स्कॉलरवर (गूगलचा संशोधन-लेखांचा शोध) निकालांचा सगळा चेहरा बदलला. जाहिराती, औषधांची दुकानं, यूट्यूबची चित्रं गेली, लेख आले. एक मुलगा म्हणाला, "आतापर्यंत आपण चुकीच्या दारावरच ठोकून रायलो होतो."

'डोमकळी'ला मात्र सहज जोड मिळाली नाही. अळी फुलात शिरली की पाकळ्या उमलत नाहीत, कळी गुलाबाच्या मिटलेल्या फुलासारखी दिसते, ती डोमकळी. इंग्रजी लेखांत त्याला 'रोझेट फ्लॉवर' म्हणतात, हे पोरांनी उलट्या बाजूने शोधलं : आधी अळीच्या नुकसानीवरचा लेख काढला, त्यातली छायाचित्रं पाहिली, आणि आपल्या वावरातलं ओळखीचं चित्र दिसल्यावर त्याखालचा शब्द उचलला. 'फरदड'चंही असंच. हंगाम संपल्यावर पीक न उपटता पाणी देऊन आणखी बोंडं घेतात ती फरदड. बोंडअळीचं जीवनचक्र तिथेच चालू राहतं म्हणून सगळ्या शिफारशींत तिच्यावर काट मारलेली असते. मराठी पत्रकांत शब्द सापडतो. इंग्रजी लेखांत पीक लांबवण्याबद्दलची वाक्यं वाचून अर्थ जुळवावा लागतो, कारण तिथे एकच एक ठरलेला शब्द भेटत नाही. असा एखादा रकाना रिकामा ठेवायला परवानगी होती. रिकामा का राहिला ते मात्र लिहायचं.

लिपीचेही घोळ निघाले, आणि ते मलाही नवे होते. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द डोळ्याला एकच दिसतो, पण त्यातला अर्धा 'ऱ' संगणकात दोन वेगळ्या पद्धतींनी नोंदवला जातो. एका कीबोर्डवर एक, दुसऱ्यावर दुसरी. कॅटलॉगमध्ये नोंद एका पद्धतीने असेल आणि विद्यार्थ्याने दुसरीने टाकली, तर समोरच्या कपाटात असलेलं पुस्तक ओपॅकवर 'नाही'. ग्रंथपाल मॅडमनी नोंदी दुरुस्त करायला घेतल्या आहेत, पण ते काम मोठं. तोवर पोरांना सांगितलं की 'शेतक' एवढंच टाका. विभक्तीचंही तेच. 'बोंडअळीचा', 'बोंडअळीमुळे' असं काही टाकण्याऐवजी प्रत्यय गाळून मूळ शब्द टाकायचा. इंग्रजी माध्यमाच्या धड्यात हे कुठेच नसतं. मराठीत शोधणाऱ्याचं निम्मं काम इथेच अडतं.

शोधगंगा या विद्यापीठीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या मराठी प्रबंधांचं आणखी एक. जुने प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात. पडद्यावर मराठी दिसतं, कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा काला निघतो. म्हणजे आतला मजकूर शोधाला सापडतच नाही. अशा वेळी विद्यापीठ, विभाग, मार्गदर्शक या वाटेने जावं लागतं. शीर्षक मराठी असलं तरी नोंदीत ते रोमन लिपीत असू शकतं, म्हणून दोन्ही लिप्यांत बघायचं. पोरांना हे एकदा दाखवलं की कळतं. न दाखवता पाच वर्षं कळत नाही.

पैसे मागणारी साईट

शोधाच्या पायरीवर सगळ्यात जास्त आलेला निरोप हा : "सर, साईट पैसे मागून रायली." लेख सापडतो, सारांश दिसतो, पुढे डॉलरचा आकडा. बहुतेकांनी इथेच शोध सोडलेला असायचा.

मॅडमचं या पायरीवरचं पान एका क्रमाचं होतं. आधी एन-लिस्टमध्ये लॉगिन करून तोच लेख तिथून बघा. बाहेरून गूगलने गेलात तर तुम्ही सदस्य आहात हे प्रकाशकाला कळत नाही. नाही मिळाला तर गूगल स्कॉलरवर त्या लेखाखालच्या 'ऑल व्हर्जन्स'वर जा, बऱ्याचदा लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत असते. शेतीचा विषय असेल तर कृषी विद्यापीठांचे प्रबंध ठेवणारा कृषिकोश बघा. तिथेही नसेल तर मॅडमना निरोप टाका. या शेवटच्या वाक्याचा उपयोग फार झाला. कोर्सच्या आतच ग्रंथपाल आहे म्हटल्यावर पोरांनी बिनदिक्कत विचारलं; ग्रंथालयाच्या काउंटरवर ती इतकी कधी बोलली नव्हती.

जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं, तीन वर्षांसाठी ६००० कोटींची तरतूद आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं. पण ती योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आखली गेली. खासगी संस्थेने चालवलेली, अनुदानावरची आमच्यासारखी महाविद्यालयं त्या आखणीत बसत नाहीत. ग्रामीण विदर्भात पदवीचं शिक्षण मोठ्या प्रमाणात अशाच महाविद्यालयांत होतं, एवढं नोंदवून पुढे जातो.

एन-लिस्टपाशी एक साधी अडचण सगळ्यांना नडली. पासवर्ड ईमेलवर येतो, आणि पोरांचं ईमेल नावालाच. फोन घेताना दुकानदाराने खातं उघडून दिलेलं, त्याचा पासवर्ड दुकानदारालाच माहीत. त्यामुळे पहिल्या पायरीतच 'स्वतःच्या ईमेलवरून ग्रंथालयाला एक पत्र पाठवा' हे बिनगुणांचं काम घालावं लागलं. संशोधन-कौशल्याच्या कुठल्याच यादीत हे बसत नाही. आमच्याकडे त्याशिवाय गाडी हललीच नसती.

कोण, कुठलं, केव्हा

तीन स्रोत निवडायच्या पायरीवर लांबलचक तपासणी-यादी दिली नाही. तीनच प्रश्न : कोणी लिहिलं, कुठल्या जागेबद्दल, केव्हा. आणि चौथी एक ओळ : तुमच्या गावात जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं का?

'केव्हा'चा धडा बीटी कापसानेच शिकवला. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली, दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं २००६ मध्ये. एका गटाने त्या सुरुवातीच्या वर्षांतला लेख आणला, त्यात बीटीमुळे बोंडअळ्यांपासून संरक्षण मिळतं असं म्हटलेलं. दुसऱ्या गटाने नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं अलीकडचं साहित्य आणलं, त्यात गुलाबी बोंडअळीत आलेल्या प्रतिकारशक्तीची चर्चा. दोन्ही गट मूडलच्या चर्चापानावर जुंपले. तुमचा स्रोत खोटा, आमचा खरा. मॅडमनी मध्ये फक्त एवढं लिहिलं, की दोन्ही लेखांची वर्षं आपापल्या नावापुढे टाका. वाद तिथेच संपला, आणि एका गटाच्या अहवालाला आपसूक नवं शीर्षक मिळालं : बीटी कापूस आणि बोंडअळी, तेव्हा आणि आता.

व्हॉट्सअ‍ॅपमधला मेटा एआय आता प्रत्येक फोनमध्ये बसलेला आहे. त्याला विचारून आणलेले संदर्भही आले : लेखकाचं नाव भारदस्त, नियतकालिक खरं, लेख अस्तित्वातच नाही. यावर बंदी घालण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. प्रत्येक स्रोतासोबत तो जिथे उघडला त्या पानाचं छायाचित्र आणि 'यातून मी काय घेतलं' ही एक ओळ सक्तीची केली. जो लेख नाही त्याचं पान उघडत नाही. बनावट संदर्भ बहुतेक तिथेच गळाले. मुलांना लाज वाटावी असं काही करावं लागलं नाही.

काय बदललं, काय नाही

अहवालांच्या शेवटच्या पानावरून गूगल डॉट कॉम जवळपास गेलं. यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. पाहणीचे प्रश्न सुधारले. फरदडीवर वाचून गेलेल्या गटाने शेतकऱ्यांना 'फरदड घेता का' एवढंच न विचारता 'का घेता' विचारलं. उत्तरं आली ती शिफारशींच्या पत्रकात नसतात : डिसेंबरात भाव पडलेला होता, विहिरीला पाणी होतं, हरभऱ्याच्या बियाण्याला पैसा नव्हता. जिनिंगजवळच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याजवळच्या) गावातल्या दोन मुलींनी जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावावेत ही शिफारस वाचली आणि तिथे खरंच लावलेत का ते बघून आल्या. काय दिसलं ते त्यांच्या अहवालात आहे. जिनिंगचं नाव त्यांनी लिहिलं नाही, ते आम्हीच सांगितलं होतं.

नोंदवह्यांत नक्कल झाली. एकाच गावच्या चौघांच्या नोंदी शब्दाला शब्द. माझा पहिला कल गुण कापण्याकडे होता. मॅडमनी आधी विचारलं. चौघांत चालणारा फोन एक, त्यावर चौघांनी बसून शोध केलेला. नक्कल नव्हतीच ती. मग नोंदवही गटाची केली आणि 'यातला कोणता शब्द कोणी सुचवला' हा रकाना वाढवला. वाद तर मिटलाच, शिवाय ज्या पोरांना घरचे शब्द जास्त येतात त्यांचा भाव गटात वधारला. इंग्रजी बरं असलेला मुलगा आता एकटाच हुशार राहिला नाही.

न जमलेल्या गोष्टींत संदर्भ लिहिण्याची पद्धत पहिली. स्वल्पविराम कुठे आणि वर्ष कंसात की बाहेर, यात मुलांचा जीव रमला नाही, आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाला त्याचा आग्रह धरावा असं मलाही वाटत नाही. शोधून परत तिथे पोचता आलं, की पुरे. आमच्या काही सहकाऱ्यांना हे मान्य नाही. शेवटच्या तारखेला सर्व्हर नेहमीप्रमाणे मंदावला. पायऱ्यांमुळे निदान सगळ्यांची सगळी कामं त्याच रात्री अडकली नाहीत. आणि वेचणीत महिनाभर न आलेली काही मुलं साखळीत मागे पडली, तेव्हा अडवणारी पायरीच त्यांच्या वाटेत आली. त्यांच्यासाठी ती हाताने उघडून द्यावी लागली. पुढच्या वेळी पहिल्या दोन पायऱ्या दिवाळीच्या आधी घ्यायच्या, असं ठरलं आहे.

सर्वांत मोठा प्रश्न ग्रंथपालांच्या वेळेचा. शब्दतक्ते वाचायचे, प्रत्येकाला दोन ओळी लिहायच्या, निरोपांना उत्तरं द्यायची, आणि काउंटर, खरेदी, नॅकची आकडेवारी आहेच. ग्रंथालयातलं मंजूर मनुष्यबळ कमी, त्यातही जागा रिक्त. एका सत्रात दोनापेक्षा जास्त कोर्स घ्यायचे नाहीत असं मॅडमनी प्राचार्यांना लेखी दिलं, ते योग्यच केलं. प्रत्येक विषयाला अशीच सोय हवी म्हणणाऱ्यांनी आधी त्या विषयाच्या शिक्षकाने निम्मे तक्ते तपासायचं कबूल करावं.

यंदा इतिहास विभागाने तो कोर्स मागितला. मूडलमधून बॅकअप काढून त्यांच्या कोर्समध्ये उतरवायला संगणकाच्या सरांना फार वेळ लागला नाही. मजकूर मात्र जवळपास सगळा नव्याने लिहावा लागतोय. त्यांचा विषय जिल्ह्याच्या जुन्या बाजारपेठा, आणि इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये (जिल्ह्याच्या माहितीच्या सरकारी ग्रंथात) यवतमाळ आजच्या स्पेलिंगने सापडत नाही. वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असं टाकावं लागतं. वऱ्हाड शोधायचं तर बेरार. शब्दतक्त्याला त्यांनी 'जुनं स्पेलिंग' हा पाचवा रकाना जोडला आहे, आणि पहिल्या रकान्यात पोरांनी आजी-आजोबांना विचारून बाजारांची नावं भरायला सुरुवात केली आहे.